पाठीमागून विचारलेलं

एवढा आवाज झाला तरी अब्बांनी मान वळवली नाही. नोमाननं चालू इंजिनाच्या आत हात घालून झडपेकडे जाणारी बोटाएवढी रबरी नळी उपसली होती. उपसल्याबरोबर गाडीच्या मागच्या दोन नळकांड्यांतून असा काही आवाज बाहेर पडला, की दुकानाचं पत्र्याचं छप्पर थरथरलं आणि समोरच्या निंबावरच्या साळुंक्या एकदम उठल्या. पुसद नाक्याकडं चाललेल्या एका मोटरसायकलवाल्यानं घाबरून दोन्ही पाय टेकले, पलीकडं रसवंती चालवणाऱ्या पंचफुलाबाईनं उसाचं कांडं टाकून कानांवर हात दाबले. आणि दुकानाच्या तोंडाशी, गाडीच्या बंपरपासून जेमतेम चार हातांवर, रस्त्याकडं तोंड करून बाकावर बसलेल्या अब्बांनी बशीतल्या चहावर फुंकर घातली. चहावर बारीक वर्तुळं उठली असावीत, कारण ते क्षणभर बशीत बघत राहिले. मग त्यांनी बशी ओठांना लावली आणि चहा संपवला.

नोमानच्या हातात नळी तशीच राहिली. नळीच्या तोंडातून इंजिन त्याच्या अंगठ्याचं कातडं आत ओढत होतं आणि ते त्याला कळत होतं, पण अंगठा काढावा हे सुचत नव्हतं. शेजारी गाडीचा मालक सार्थक टाळी वाजवून काहीतरी म्हणत होता. हा कारंज्याच्या धान्याच्या आडत्याचा मुलगा, तिशीतला, पुण्याहून दुसऱ्या हाताची दोन सीटची पिवळी गाडी घेऊन आलेला. त्याचे ओठ हलताना दिसत होते. नोमाननं नळी पुन्हा जागेवर बसवली. झडप मिटली, आवाज पोटात गेल्यासारखा खाली बसला, साध्या गाडीसारखा. मग त्यानं अब्बांच्या पाठीवर नजर ठेवली आणि नळी पुन्हा ओढली. या वेळी त्याला त्या आवाजाशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला फक्त ती पाठ बघायची होती: धुऊन धुऊन पिवळट झालेला सदरा, मानेवरची पांढरी लव, टोपीच्या कडेला आलेला घामाचा डाग. आवाज त्या पाठीवर आपटला असणार, आपटायलाच हवा होता. अब्बांनी बशी बाकावर ठेवली, डावा खांदा खाजवला आणि समोरून जाणाऱ्या ट्रॅक्टरकडं बघत राहिले. नोमाननं इंजिन बंद केलं. सगळीकडं शांत झालं. तो म्हणाला, "अब्बा." मग जरा मोठ्यानं, "अब्बा." मग तो ओरडला. त्याच्या ओरडण्यानं पंचफुलाबाई वळली, सार्थक वळला, रस्त्यावरचा एक अनोळखी माणूससुद्धा वळला.

"काय झालं नोमानभाई?" सार्थक विचारत होता. "म्हाताऱ्याले काही झालं का?"

"नाही," नोमान म्हणाला. "काही नाही."

सकाळपासून ते दोघं एकाच गोष्टीवर अडून बसले होते. गाडीच्या मागच्या पाइपात दोन झडपा होत्या. त्या उघडल्या की धूर सरळ वाटेनं बाहेर पडायचा आणि गाडी गरजायची. मिटल्या की धूर सायलेन्सरमधल्या लांब, वळणाच्या वाटेनं जायचा आणि गाडी गप असायची. झडपा हलवायच्या त्या हवेच्या ओढीनं, व्हॅक्यूमनं, आणि ती ओढ ताब्यात ठेवणारी सगळी यंत्रणा आधीच्या मालकानं काढून घेतली होती. नोमाननं गोणपाटावर दोन पर्याय मांडले होते. एक, इंजिनाचीच ओढ वापरायची: नळी, एकाच बाजूनं हवा जाऊ देणारा व्हॉल्व्ह, ओढ साठवून ठेवणारी छोटी टाकी आणि रिमोटवर चालणारा विजेचा व्हॉल्व्ह. दुसरा, बॅटरीवर चालणारा स्वतंत्र पंप, ज्याला इंजिनाशी काही देणंघेणं नाही. शिवाय झडप हलवणाऱ्या डब्याही दोन जातींच्या होत्या. एकीतली स्प्रिंग झडप उघडी ठेवायची, दुसरीतली मिटलेली. सार्थकला फक्त रिमोट आवडला होता. कारंज्याच्या गल्लीत गप, समृद्धी महामार्गावर मोकळी, एवढंच त्याला पाहिजे होतं. तेव्हा नोमान म्हणाला होता, "सार्थकभाऊ, बटन दाबल्यावर काय होते ते सोडा. नळी तुटली, ओढ गेली, तवा झडप कुठं जाऊन बसंन ते आधी ठरवा. थांबा, दाखवतोच." ते दाखवायलाच त्यानं नळी उपसली होती.

आणि आता गोणपाटावरच्या त्या वस्तू त्याला ओळखू येत नव्हत्या. आपण स्पॅनर धरलेला आहे हे त्याला दिसत होतं, बोटं मात्र दुसऱ्या कोणाची असावीत अशी गार झाली होती. पेट्रोलच्या धुराचा वास नाकात बसला होता. अब्बांना ऐकू येत नाही. हे वाक्य डोक्यात उमटलं आणि त्यापुढं काहीच येईना. कमी येतं असं नव्हे. येतच नाही. माणूस असा एका सकाळी बहिरा होत नाही. म्हणजे हे आधीपासून आहे. किती आधीपासून? तो मागं मागं जाऊ लागला तसं जिथं हात लावावा तिथलं काहीतरी हलत होतं. पुसद नाक्यावर मागून आलेल्या ट्रकनं अब्बांना जवळजवळ उडवलं होतं तेव्हा ते "लक्ष नव्हतं" म्हणाले होते आणि नोमान त्यांच्यावर चारचौघांत भडकला होता. घरातला टीव्ही आवाज बंद करून चालायचा. फोन वाजला की अब्बा तो उचलून जो कोणी जवळ असेल त्याच्या हातात द्यायचे, जणू फोन घेणं त्यांच्या मोठेपणाला शोभत नव्हतं. आणि पंचफुलाबाई! तिला रोज बाकाकडं बघत रिकामा पेला उंचावून खूण करताना नोमाननं शेकडो वेळा पाहिलं होतं. ती कधीच हाक मारत नव्हती. तिला माहीत होतं. रसवंतीवाल्या बाईला माहीत होतं.

हे दुकान अब्बांनी काढलं होतं. ट्रॅक्टरचे, मळणीयंत्रांचे, जीपचे फाटलेले सायलेन्सर ते उकलायचे, ठोकायचे, शिवायचे. नोमानचं लहानपण त्या ठोकण्यात गेलं. पत्र्यावर हातोडा पडत असताना कोणी कोणाशी बोलत नसे, बोटं दाखवायची. तीन बोटं म्हणजे तीन नंबरचा पाना, मूठ म्हणजे थांब, हात तोंडाशी म्हणजे चहा. दुकानात बोलावं लागत नव्हतं, आणि घरात अम्मी होती. आता, इंजिनाच्या उबेत उभं राहून, त्याला अम्मी दिसली. रहमतबी. ती नेहमी अब्बांच्या समोर बसायची, बाजूला कधीच नाही. नोमाननं दारातून काही विचारलं की ती पदर सावरून अब्बांकडं तोंड करायची आणि म्हणायची, "ऐकता का, नोमान इचारून राह्यला, उद्या अनसिंगले जायचं का." मग अब्बा उत्तर द्यायचे. त्याला वाटायचं ही तिची सवय आहे, बापलेकांच्या मध्ये बसून दोघांच्या बोलण्याला आपला हात लावायची. कधीकधी तो चिडायचाही: अम्मी, मी बोललो ना, तू परत कायले सांगतं? ती हसायची. घरातलं प्रत्येक वाक्य तिच्यावरून जात होतं आणि ते इतक्या सहज जात होतं की बाकीच्या घरांतही असंच असतं असं त्याला वाटत आलं. मागच्या उन्हाळ्यात ती गेली. त्यानंतर अब्बा बोलेनासे झाले. दुःखानं, असं सगळे म्हणाले. नोमानही म्हणाला. मग महिने गेले आणि दुःख म्हणण्याची मुदत संपली, तेव्हा तो मनात म्हणू लागला, माझ्यावर राग आहे. अम्मीला अकोल्याच्या दवाखान्यात न्यायला आपण उशीर केला असं ह्यांना वाटतं. वाटू दे.

पण हेही त्यानं कसंबसं बाजूला सारलं असतं. त्या पाठीकडं बघता बघता त्याला सोयाबीन निघायच्या दिवसांतली ती दुपार आठवली. पुण्यातल्या एका कारखान्यानं त्याला बोलावलं होतं, अशाच झडपांचे सायलेन्सर बनवायला. नवं शेड उभं राहिलं की यायचं होतं. अब्बा याच बाकावर, अशीच पाठ करून, ताटलीतले जुने बोल्ट निवडत बसले होते. जाडे एकीकडं, बारीक एकीकडं. नोमान दिवसभर त्यांच्या भोवती फिरला होता. दुकान अब्बांचं, भिंतीवरचा काळा थर अब्बांच्या हातचा; हे सोडून जातो असं त्यांच्या डोळ्यांत बघून सांगणं त्याला जमेना. पाठीला सांगणं सोपं होतं. म्हणून त्यानं पाठ निवडली होती. वेल्डिंगच्या टेबलाशी उभं राहून, हातातल्या कानशीकडं बघत, त्यानं सगळं एका दमात सांगितलं होतं: "अब्बा, पुण्याहून बोलावणं आलं. दुकान खेमाले देऊन टाकू म्हणतो, मानोऱ्याकडचा तो वेल्डर, चांगला माणूस हाय. तुमी चाला आमच्या संग. तुमाले इथं एकट्याले ठेवत नाही मी. चलता ना?" अब्बांचा हात ताटलीवर थांबला होता. थांबला होता हे नक्की. नोमाननं ते थांबणं डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि मग बोटांनी एक बोल्ट उचलला, उजेडात धरला आणि बारक्यांच्या ढिगात टाकला. तो थांबलेला हात त्यानं एवढे महिने जपून ठेवला होता. त्यात त्यानं काय काय वाचलं होतं. तुझ्या आईला मातीत घालून तू चाललास. माझं दुकान विकतोस. मी येत नाही आणि तुला तसं सांगण्याइतकाही तू माझा राहिला नाहीस. आठवडाभर त्यानं उत्तराची वाट पाहिली. मग वाट बघण्याचा राग झाला, आणि राग हाताशी असला की माणसाला बाकीची कामं भराभर करता येतात. कारंज्याच्या बहिणीशी फोनवर ठरलं, अब्बा तिच्याकडं राहतील. खेमाशी ठरलं. पुण्यात खोली घेतली. पुढच्या आठवड्यात जायचं होतं.

आणि त्या दिवशी तो हात एका बोल्टपाशी थांबला होता. जाडा की बारीक, एवढंच ते बघत होते.

"भाऊ, जरा बसा. आलोच," असं सार्थकला म्हणून तो दुकानाच्या मागच्या दारानं घरात गेला. घर दुकानाला चिकटूनच होतं, मध्ये एक बोळ. तहसीन, त्याची बायको, जमिनीवर बसून स्टीलची भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती. तिनं वर पाहिलं आणि हातातला कागद खाली ठेवला.

"काय झालं? भाजलं का हाताले?"

"अब्बाले ऐकू येत नाही."

ती बघत राहिली. तो पुढं काहीतरी सांगेल अशी ती वाट बघत होती, हे त्याला दिसलं, आणि आपल्याजवळ पुढं काही नाही हेही त्याला कळलं.

"हाव," ती म्हणाली. "मंग?"

"मंग म्हणजे? तुले माहीत होतं?"

"अम्मीनं सांगतलं होतं ना. लग्न झालं त्या पह्यल्या महिन्यातच. म्हणे, बेटी, अब्बाशी बोलाचं तं समोर येऊन बोलत जा, ओठ दिसले पाहिजे. तुमाले माहीत नव्हतं?"

त्यानं मान हलवली. तहसीनचा चेहरा हळूहळू बदलला. तिच्या कपाळावर घामाचे बारीक थेंब होते आणि एका गालाला छापील शाई लागली होती. नोमान त्या शाईकडं बघत राहिला, कारण तिच्या डोळ्यांत काय येतंय ते त्याला बघायचं नव्हतं.

"मले वाटलं," ती म्हणाली, "ऐकूच येत नाही म्हणून तुमी त्याइच्याशी बोलणं सोडलं. मी मनात म्हणो, असं कसं करतेत हे. पण तुमचे अब्बा. मी काय सांगू."

बोळातून मांजर गेलं. कोणीतरी रस्त्यावर हॉर्न वाजवला. तहसीन पुन्हा बोलली, अगदी हळू.

"पण तुमी तं म्हणले होते इचारलं म्हणून. पुण्याचं. इचारलं, येत नाही म्हणतेत, असं म्हणले होते तुमी मले."

"इचारलं होतं."

"मंग ते नाही म्हणले ना?"

"ते काहीच म्हणले नव्हते."

"समोरून इचारलं होतं?"

नोमाननं बोळातून दुकानाकडं पाहिलं. तहसीननं तोंडावर पदर घेतला. "या अल्ला," ती पदरातून म्हणाली. "म्हणजे त्याइले वाटून राह्यलं असंन, आपण न सांगता चाललो. त्या खेमानं येऊन टेप लावून भिंती मोजल्या तवा ते तिथंच बसले होते हो. मी रोज त्याइच्यासमोर भांडे बांधून राह्यले. काही इचारलं नाही त्याईनं. एक शब्द नाही."

तो बाहेर आला तेव्हा उन्हं चढली होती. अब्बा तिथंच होते. सार्थक गाडीच्या टपाला टेकून मोबाईल बघत होता. नोमानला वाटलं सरळ चालत जावं आणि बाकासमोर उभं राहावं, पण तो गाडीपाशीच थांबला. कित्येक महिने त्या माणसाच्या डोक्यात काय चाललं असेल? आपला मुलगा रोज येतो, जातो, जेवतो, माणसं आणून भिंती मोजून घेतो, आणि आपल्याकडं बघतसुद्धा नाही. खरंच बघत नव्हता तो. बघितलं असतं तर कळलं असतं.

"नोमानभाई, सांगा आता," सार्थक म्हणाला. "कोणतं बसवायचं? मी तं म्हणतो पंपवालं बसवा. भारी दिसते."

आश्चर्य हे की उत्तर त्याच्या तोंडून सहज आलं. डोकं दुसरीकडं होतं आणि तोंड आपलं काम करत होतं. "पंप नको. आपल्याकडच्या उन्हात खाली पाइपाजवळ तो तापते. ते एक वाढीव दुखणं. इंजिनाचीच ओढ घ्या. पाय पूर्ण दाबला की इंजिनाची ओढ कमी पडते, तवा टाकीतली ओढ झडप धरून ठेवते. नळ्या सिलिकॉनच्या टाकू, पाइपापासून लांबून नेऊ. आता स्प्रिंगचं तुमी सांगा. ओढ गेली तं गाडी गरजली पाहिजे का गप बसली पाहिजे?"

सार्थक जरा विचारात पडला. मघाच्या त्या आवाजानं हसणारा हा माणूस एकाएकी घरातला कर्ता मुलगा झाला. "गप बसली पाहिजे," तो म्हणाला. "मोठे काका हृदयाचे पेशंट हायेत. मंदिराच्या गल्लीत भल्या पहाटे नळी तुटली तं ते जातीनच."

"मंग मिटलेल्या स्प्रिंगची डबी. ओढ असंन तवाच उघडंन."

ठरलं. जे सकाळपासून ठरत नव्हतं ते ठरलं, आणि नोमान गाडीखाली शिरला. उताणं पडून त्यानं जुन्या डब्या सोडल्या, नव्या बसवल्या, टाकीला पट्टी मारली, नळ्यांची टोकं क्लिपनं आवळली. डोळ्यांत गंज पडला तो त्यानं बाहीनं पुसला. गाडीच्या पोटाखालून त्याला फक्त अब्बांचे पाय दिसत होते. चपलेत बसवलेले, टाचा फाटलेले. एकदा ते पाय उठले आणि तो दचकला. पाय रसवंतीकडं गेले, थांबले, पुन्हा बाकापाशी आले. मग त्याच्या लक्षात आलं की आपण पाना आवळायचं थांबवून एवढा वेळ त्या पायांकडं बघत होतो, आणि हे आपल्याला लहानपणापासून पाठ असलेले पाय आपण शेवटचे कधी पाहिले ते आठवत नाही. शेवटी सार्थकनं बटन दाबून पाहिलं. उघड, मीट, उघड, मीट. झडपांचा खट् असा बारीक आवाज येत होता. प्रत्येक वेळी नोमान बाकाकडं बघत होता आणि प्रत्येक वेळी त्याला नव्यानं धक्का बसत होता, जणू पाचव्या-सहाव्या वेळी तरी ती मान वळेल अशी त्याची समजूत होती. मग सार्थक गेला. गाडी कारंज्याच्या रस्त्याला लागली आणि दूरवर एकदा गरजून दिसेनाशी झाली.

नोमाननं हात धुतले. साबणानं, मग पुन्हा साबणानं. दुकानाच्या दारातून बाहेर पडून तो बाकाला वळसा घालून गेला आणि रस्त्याकडं पाठ करून अब्बांच्या समोर उकिडवा बसला. अब्बांनी त्याच्याकडं पाहिलं. इतक्या जवळून त्यांचे डोळे राखाडी दिसत होते, आणि ते डोळे लगेच खाली, त्याच्या ओठांवर आले. हे ते नेहमीच करत असणार. बोलणाऱ्याच्या तोंडाकडं असं बघणं त्याला कायम कठोर वाटत आलं होतं.

"अब्बा," तो म्हणाला, "तुमाले ऐकू येत नाही."

"नाही येत," अब्बा म्हणाले. त्यांचा आवाज मोठा होता, गरजेपेक्षा बराच मोठा.

"मले काहून नाही सांगतलं?"

"तुह्या अम्मीले माहीत होतं." याच्यापुढं आणखी काही सांगायचं असतं असं त्यांना वाटलेलं दिसत नव्हतं.

"मी पुण्याले जाऊन राह्यलो."

"माहीत हाय. बहिणीसंग फोनवर बोलला तवा तुहे ओठ पाह्यले म्या."

"मी तुमाले इचारलं होतं. आमच्या संग चाला म्हणून. तवाच इचारलं होतं."

अब्बांनी डोळे बारीक केले. "काय?"

"चाला म्हणून. इचारलं होतं."

"कवा?"

"सोयाबीन निघून राह्यलं होतं तवा. इथंच. तुमी बोल्ट निवडत होते."

"मी कुठं पाहत होतो?"

"रस्त्याकडं."

"आन् तू कुठं होता?"

"मागं," नोमान म्हणाला. "टेबलापाशी."

अब्बा काही वेळ त्याच्या ओठांकडं बघतच राहिले, जणू अजून काही यायचं आहे. मग त्यांच्या मानेची शीर फुगली. नोमाननं त्यांना एवढं चिडलेलं त्याच्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. ते उठून उभे राहिले आणि त्यांचा आवाज, ज्याचा त्यांना स्वतःलाच अंदाज नव्हता, नाक्यापर्यंत गेला असेल.

"अबे, बापाच्या पाठीले इचारते का कोणी? पाठीले कान असते का, तोंड असते का? मी इथं रोज बसून राह्यलो. आज सांगंन, उद्या सांगंन. तो खेमा येऊन माह्या भिंती मोजून गेला, म्या पाह्यलं. सून भांडे बांधून राह्यली, म्या पाह्यलं. म्हटलं, म्हाताऱ्याले सामानासारखं उचलून पोरीच्या घरी ठेवतेत, ठेवू द्या. आन् तू म्हणतं इचारलं होतं! तूच इचारलं, तूच नाही म्हणला माह्या वतीनं. मंग मी कायले होतो इथं?"

रसवंतीचं यंत्र थांबलं होतं. पंचफुलाबाई आणि तिची दोन गिऱ्हाईकं इकडं बघत होती. नोमान उकिडवाच होता, मान वर करून. अंगावर ऊन होतं आणि बापाचा आवाज होता. त्याला रडू येत नव्हतं. तो उठला, अब्बांच्या बरोबर समोर उभा राहिला, आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "चलता का आमच्या संग?"

"नाही," अब्बा म्हणाले.

इतक्या पटकन आलेल्या उत्तरानं तो मागं सरकला. एवढे महिने तो हेच उत्तर घेऊन जगला होता, त्यावर त्यानं खोली घेतली होती, दुकान खेमाला द्यायचं ठरवलं होतं, बहिणीशी बोलला होता. तेच उत्तर आता खरोखर आलं आणि ते पहिल्यापेक्षा जास्त लागलं. ते आपण मनात घडवलं होतं त्याहून फार साधं होतं. त्यात शाप नव्हता. एक थकलेला माणूस नाही म्हणत होता.

अब्बा खाली बसले. श्वास जरा खाली बसल्यावर, खाली बघतच, ते म्हणाले, "हे माहं 'नाही' हाय. ध्यानात ठेव. तवाचं तुहं होतं." आणि मग त्याच मोठ्या आवाजात, "उद्या इचार अजून."

त्यानं पुण्याला फोन करून पुढची तारीख मागितली. कारखान्याच्या माणसानं कुरकुर करत महिनाअखेरपर्यंत थांबायला हो म्हटलं. खेमालाही त्यानं थांब म्हणून सांगितलं. तहसीननं अब्बांना अकोल्याच्या कानाच्या डॉक्टरकडं नेलं. कान पत्र्याच्या आवाजानंच गेले आहेत, आता मशीन लावलं तर थोडंफार येईल, असं डॉक्टर म्हणाले. अब्बांनी मशीन हातात घेऊन उलटंपालटं पाहिलं आणि बघू म्हणाले. आणि नोमान रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी बाकासमोर जाऊन उभा राहायचा. पहिल्या दिवशी त्याची जीभ जड होती. दुसऱ्या दिवशी अब्बा त्याच्या ओठांकडं न बघताच नाही म्हणाले आणि नोमाननं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांना बघायला लावलं. मग रोज विचारणं, रोज 'नाही'. कधी 'नाही' म्हणून झाल्यावर अब्बा आणखी काही बोलायचे. पुण्यात मले कोण ओयखते. तुह्या अम्मीची कबर इथं हाय, जुम्म्याले कोण जाईन. एकदा ते बराच वेळ अम्मीबद्दलच बोलत राहिले, ती लग्न होऊन अनसिंगहून आली तेव्हाचं काहीतरी, आणि नोमान ते उभ्यानं ऐकत राहिला. आपल्याला हे माहीत नव्हतं, असं तो मनात दर थोड्या वेळानं म्हणत होता. दुकान उघडायला उशीर होऊ लागला. गिऱ्हाईकं थांबून राहायची.

महिना संपत आला तेव्हा एका सकाळी त्यानं नेहमीसारखं विचारलं, "चलता का?" अब्बांनी त्याचे ओठ पाहिले. 'नाही' आलं नाही. ते रस्त्याकडं बघत बसले आणि नोमान त्यांच्या नजरेसमोर तसाच उभा राहिला, बाजूला सरकायची त्याची हिंमत होईना.

"खोली कितव्या माळ्यावर हाय?" अब्बांनी विचारलं.

हा प्रश्न त्याच्या डोक्यात कधीच आला नव्हता. खोली घेताना त्यानं दोघांपुरतं पाहिलं होतं, दोघांचे पाय, दोघांची उठबस. त्यानं तीन बोटं वर केली, आणि आपण बोटं वर केली याचीच त्याला लाज वाटली. म्हणून त्यानं तोंडानंही सांगितलं, "तिसऱ्या. लिफ्ट नाही."

अब्बांनी दोन्ही हातांनी गुडघे धरले आणि ते थोडे पुढं वाकले.

"खालची पाह्य," ते म्हणाले.